छाप आणि झीज



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान मंडळी येतात. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकापाशी. चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी मजुरीच्या दरांवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी म्हणालो, यंदा मी जुन्या निकेलच्या नाण्यांवर बोलतो. ते जरा चपापले. कामगार चळवळीतल्या माणसाने नाण्यांच्या नादी लागावे, हे त्यांना शोभेसे वाटले नसावे. पण शेवटपर्यंत ऐकून घ्या. मी माझा विषय फारसा सोडलेला नाही, हे आपल्याला दिसेल.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. नाणे हाती आले की आपण लगेच म्हणतो, ‘हे झिजले आहे’ किंवा ‘हे कोरे आहे’. असा निकाल देण्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: या नाण्यावर मुळात छाप किती उमटली होती? टाकसाळीने जे दिलेच नाही, ते हातांनी झिजवले असे म्हणणे हा अन्याय आहे. आणि जे हातांनी झिजवले, त्याचा दोष टाकसाळीवर ढकलणे ही लबाडी आहे.

ही गोष्ट मी पुस्तकात शिकलो नाही. तरुणपणी मी एका कारखान्यात प्रेसवर काम करीत होतो. पत्र्याच्या तुकड्यावर एक नक्षी आणि आकडा उठवायचा, असे ते काम. मजुरी नगावर. एका महिन्यात आमचे नग भराभर नापास होऊ लागले. तपासणीस म्हणे, ‘कोपरा उठत नाही, तुम्ही पत्रा नीट बसवत नाही.’ मजुरी कापली जाऊ लागली. आम्ही दोघा-तिघांनी तीन दिवसांचे नापास नग गोळा केले आणि जेवणाच्या सुटीत फरशीवर ओळीने मांडले. पाहतो तो काय, बहुतेक सर्व नगांवर एकच कोपरा पुसट होता. तोच कोपरा, तेवढाच पुसट, मग पाळी कोणाचीही असो. बसवणारे हात सहा होते, पण चूक एकच होती. म्हणजे चूक हातांची नव्हती. डाय झिजली होती. डाय बदलली आणि दुसऱ्या दिवशी कोपरा खणखणीत उठला. कापलेली मजुरी परत मिळाली. पण हेही सांगितले पाहिजे की त्या ढिगात दहा-बारा नग असे होते, की ज्यांचा दोष दरवेळी वेगळ्या जागी होता. ते आमच्या हातून बिघडले होते. ते आम्ही कबूल केले, आणि कबूल केले म्हणूनच आमचे बाकीचे म्हणणे ऐकले गेले.

त्या दिवशी मी एक नियम शिकलो. जो दोष प्रत्येक नगावर त्याच जागी येतो तो साच्याचा. जो जागा बदलतो तो हाताचा. पुढे कैक वर्षांनी जुने रुपये भिंगाखाली धरले, तेव्हा हाच नियम कामी आला.

आता नाणे कसे तयार होते ते पाहू. धातूची पट्टी लाटतात, तिच्यातून गोल चकत्या कापतात, त्या भट्टीत तावून मऊ करतात, त्यांची कड थोडी उचलून घेतात. मग चकती दोन पोलादी ठशांमध्ये येते, भोवती पोलादाचे कडे असते, आणि वरून प्रचंड दाब पडतो. त्या एका क्षणात धातू ओल्या मातीसारखा वाहतो आणि ठशाच्या खोलगट भागांत शिरतो. ठशात जी जागा सर्वांत खोल, ती नाण्यावर सर्वांत उंच. तिथपर्यंत धातू पोहोचला तर छाप पूर्ण. अर्ध्यावर थांबला तर छाप अपुरी. दाब कमी पडला, चकती जरा पातळ निघाली, ती पुरेशी तावली नाही, ठसा जुना झाला किंवा त्यात वंगण भरले, यांतले काहीही एक झाले की सिंहाची आयाळ उठत नाही, एखादे अक्षर गळते. त्यात नाणे वापरणाऱ्याचा काही दोष नाही.

निकेलच्या बाबतीत हे अधिकच घडते. चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबे १०८५ अंशांना. निकेलला १४५५ अंश लागतात. तो कठीण आहे, आणि दाबावा तसा आणखी कठीण होत जातो. ठसे लवकर झिजवतो, फोडतो. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या खाणकामगारांनी तर त्याला भुताचे नाव दिले होते. तांब्यासारखे दिसणारे एक खनिज त्यांना सापडे. त्यातून तांबे निघत नसे, उलट आजारपण येई. म्हणून ते त्याला ‘कुप्फरनिकेल’ म्हणत. निकेल म्हणजे खोडकर भूत. स्वीडनच्या क्रोनस्टेटने १७५१ साली अशाच खनिजातून हा धातू वेगळा केला आणि तेच नाव चिकटले. भूत आहे खरे, पण ते खाणकामगाराने ओळखलेले आहे! अमेरिकेने १८६६ साली पाच सेंटचे तांबे-निकेलचे नाणे काढले, तेव्हा नक्षी नीट उठेना. दुसऱ्याच वर्षी नक्षीतली किरणे काढून टाकावी लागली. मोठमोठ्या टाकसाळींनाही निकेलने असे नमवले आहे.

आपल्याकडे निकेल आले ते आधी तांब्याच्या सोबतीने. १९०७ साली मुंबईच्या टाकसाळीतून एक आण्याचे लाटदार कडेचे नाणे निघाले; त्यात तीन भाग तांबे आणि एक भाग निकेल. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडली, तेव्हा १९१८ ला चौकोनी चवली आली आणि १९१९ ला पावली व अधेली याच मिश्र धातूची झाली. दुसऱ्या महायुद्धात उलट झाले. निकेल युद्धाच्या कामी लागले, म्हणून १९४२ पासून आण्यातले निकेल कमी करून पितळेचा भर वाढवला. त्याच वर्षी अमेरिकेनेही आपल्या पाच सेंटमधून निकेल काढून घेतले. रुपयाची चांदी तर १९४० पासूनच निम्म्यावर आली होती. शेवटी १९४६ ला पावली-अधेली आणि १९४७ ला रुपया शुद्ध निकेलचा झाला. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला चालता वाघ. १५ ऑगस्ट १९५० रोजी प्रजासत्ताकाची नाणी आली. राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, आणि रुपयावरचा वाघ जाऊन तेथे धान्याची कणसे आली. शेतकऱ्यांच्या या खानदेशात त्या बदलाचा अर्थ समजावून सांगायला नको. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. निकेलची पावली ‘पंचवीस नये पैसे’ झाली, पण आपल्या तोंडी ‘चार आणे’च राहिले. १९७५ पासून रुपयातही तांबे मिसळले आणि शुद्ध निकेलचा रुपया संपला. चार आण्याचे नाणे तर ३० जून २०११ नंतर कायद्याने चलनातूनच गेले. माझ्या लहानपणी त्यातल्या कित्येक पावल्या माझ्या मुठीत घाम पिऊन गेल्या आहेत!

आता पारख कशी करावी ते सांगतो. आपल्याकडे नाणी पारखणाऱ्याला पोतदार म्हणत. जुन्या काळी नाना टाकसाळींचे रुपये बाजारात चालत. आपल्या शेजारच्या चांदवडलाही टाकसाळ होती. कोणत्या रुपयाला किती बट्टा लावायचा, हे पोतदार ठरवी. त्याच्या डोळ्यावर गरिबाचे पोट अवलंबून असे. आज तो पोतदार आपणच व्हायचे.

पहिली गोष्ट, नाणे कडेने धरावे. तोंडावर बोट लावू नये. दुसरी, खिडकीपाशी किंवा एका दिव्याखाली बसावे आणि उजेड बाजूने पडू द्यावा. पाच ते दहा पट मोठे दाखवणारे भिंग पुरते. घड्याळजीचे असले तरी चालते. तिसरी, नाणे हळूहळू फिरवावे. कोऱ्या नाण्यावर गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा उजेड फिरतो. दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे वाहिला, त्याच्या त्या बारीक रेघा. हातांनी झीज झाली की आधी या रेघा जातात आणि उजेड फिरायचा थांबतो.

१९५० च्या रुपयावर मधल्या सिंहाचे तोंड आणि छातीची आयाळ सर्वांत उंच आहे. घोटाळा इथेच होतो, कारण सर्वांत उंच जागीच छाप अपुरी राहते आणि सर्वांत उंच जागाच आधी झिजते. आयाळ सपाट दिसली एवढ्याने काही ठरत नाही. मग चार प्रश्न विचारावेत. फिरता उजेड त्या सपाट जागेवरूनही तसाच जातो का? जात असेल तर तेथे हात लागलेला नाही. त्या जागी चकतीचा मूळ खरबरीतपणा, बारीक जुने ओरखडे दिसतात का? दाब पोहोचला असता तर ते दडपले गेले असते. ते दिसतात म्हणजे छापच पोहोचली नाही. आजूबाजूची अक्षरे आणि कड धारदार आहेत का? माणसाचा हात, खिसा, गल्ला हे कोणाला वगळत नाहीत. आयाळ झिजेल तेव्हा अक्षरांची धारही बोथट होईल. आणि चौथा प्रश्न, त्या सपाट जागेच्या बरोबर पाठीमागे काय आहे? चिमटीत ती जागा धरून नाणे उलटावे. धातू दोन्ही बाजूंना वाटला जात असतो. तो अपुरा पडला तर बहुधा दोन्ही बाजू उपाशी राहतात. समोर आयाळ पुसट आणि पाठीमागची नक्षीही तेवढीच पुसट, असे असेल तर संशय टाकसाळीवर घ्यावा.

झिजलेल्या ठशाची खूण आणखी वेगळी. तेथे अक्षरांचे पाय कडेकडे ओघळल्यासारखे दिसतात, आणि सपाट भाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. एखादे अक्षर किंवा आकडा साफ गायब असेल, तर पुष्कळदा ठशात वंगण भरलेले असते. असे नाणे ‘दुर्मिळ’ म्हणून कोणी गळ्यात मारू लागला तर हसून सोडून द्यावे.

अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी या गोष्टीचे मापच ठरवून टाकले आहे. तेथे पाच सेंटच्या नाण्याला ‘निकेल’च म्हणतात. १९३८ पासून त्यावर जेफरसन आणि पाठीमागे त्याचे माँटिसेलो हे घर आले. त्या घराला पायऱ्या आहेत. नाणे कितीही कोरे असो, पाच किंवा सहा पायऱ्या अखंड मोजता आल्या तरच त्याची छाप पूर्ण मानतात. दर्जाचा आकडा वेगळा आणि पायऱ्यांची नोंद वेगळी. म्हणजे वापर किती झाला आणि जन्म कसा झाला, हे दोन हिशेब त्यांनी निराळे ठेवले. हे मला फार आवडले. आपल्या रुपयाला पायऱ्या नाहीत, पण आयाळीच्या बटा आहेत, कणसाचे दाणे आहेत, वाघाचे पट्टे आहेत. आपण ते मोजू शकतो.

छाप किती काळ बोलत राहते याचा एक दाखला आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातला आहे. १९०६ साली जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारली होती. जिंकणाऱ्याची छाप वर, आणि तिच्याखाली हरलेल्याचा चेहरा अजून दिसतो. नाणे काही विसरत नाही. आपणच ते वाचायला कंटाळतो.

आता ज्या प्रसंगामुळे हा विषय आज बोलावासा वाटला, तो सांगतो. आमच्या संघटनेतले एक वृद्ध हमाल एके दिवशी फडक्यात बांधलेले बत्तीस रुपये घेऊन माझ्याकडे आले. सारे निकेलचे, १९५० चे. म्हणाले, ‘भाऊ, मना बापना हातना रुपया शेतस या.’ त्यांचे वडीलही हमाल. थकलेली मजुरी एकदम हाती आली, तेव्हा ते नवे करकरीत रुपये मिळाले आणि त्यांनी ते कधी मोडले नाहीत, अशी घरातली आठवण. म्हातारबाबांनी ते एका व्यापाऱ्याला दाखवले होते. व्यापाऱ्याने सिंहाच्या छातीवर बोट ठेवले आणि म्हटले, ‘घासलेले आहेत. वजनावर घेतो.’ त्यांना किमतीचे दुःख नव्हते. ते म्हणाले, घासलेले असतील तर बाप खोटे बोलला.

दोन संध्याकाळी मी ते रुपये पाहिले. तेवीस खरोखरच वापरलेले होते. उजेड फिरत नव्हता, अक्षरे गुळगुळीत झाली होती. ते त्यांना मी स्वच्छ सांगितले. पण नऊ रुपये निराळे होते. त्या नवांच्याही छातीवर आयाळ नव्हती. पण उजेड त्या सपाट छातीवरून न अडखळता फिरत होता, अक्षरांच्या कडा बोटाला लागत होत्या आणि पुसटपणा नवांवरही त्याच जागी, तेवढाच होता. फरशीवर मांडलेले माझे ते जुने नग मला आठवले. मी म्हणालो, ‘बाबा, या नऊ रुपयांनी बाजार पाहिलेला नाही. यांना आयाळ मिळालीच नव्हती. तुमचे वडील नऊ रुपयांपुरते तरी शब्दशः खरे बोलले. बाकीचे बहुधा मागाहून कोणीतरी त्यात टाकले असावेत.’ म्हातारबाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘माय टाकत असेल.’ पुढे त्यांनी चार रुपये एका जाणकार संग्राहकाला दिले, पाच ठेवले. फार मोठी रक्कम आली नाही. १९५० चा रुपया काही दुर्मिळ नाही. पण वजनाचा भाव आला नाही, नाण्याचा आला. आणि बाप खरा ठरला.

माझी स्वतःची फजितीही सांगितली पाहिजे, नाहीतर मी फार शहाणा वाटेन. सुरुवातीच्या काळात १९४७ चा वाघाचा एक रुपया मी चढ्या भावाने घेतला. वाघाचे पट्टे स्पष्ट, लखलखीत चमक. घरी भिंगाखाली पाहिले तर साऱ्या अंगावर एकाच दिशेच्या बारीक रेघा. कोणीतरी घासून चकचकीत केलेला! चमक होती, पण उजेड फिरत नव्हता. छाप उत्तम होती म्हणून मी झीज पाहिलीच नाही. म्हणजे माझाच नियम मी उलट्या बाजूने मोडला. तेव्हा विनंती अशी की घरची जुनी नाणी चिंचेने, राखेने, पावडरीने घासू नका. मळ काढताना तुम्ही साक्षीदाराची जीभ कापता.

आणखी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. शुद्ध निकेलला लोहचुंबक ओढतो, तांबे-निकेलला ओढत नाही. पण १९९२ नंतरच्या स्टीलच्या रुपयालाही तो ओढतो, म्हणून एकट्या चुंबकावर विसंबू नये. १९४७ चा आणि १९५० चा निकेलचा रुपया सुमारे ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा भरतो. ‘तुमच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा’ असे फोन आले तर ते ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर केले आहे की आपण असा व्यवहार करीत नाही आणि असे पैसे मागत नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते. नांगरताना ठेवा सापडला आणि तो दहा रुपयांहून अधिक किमतीचा असला, तर १८७८ चा कायदा सांगतो की जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. आणि ज्यांना या विद्येची खरी गोडी लागेल, त्यांनी त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था व संग्रहालय आहे, ते एकदा पाहून यावे. साक्रीहून फार लांब नाही.

मित्रहो, मी आयुष्यभर माणसांची भांडणे सोडवीत आलो. भांडणात नेहमी कोणीतरी म्हणतो, ‘हा माणूस कामचुकार आहे’, ‘हा अडाणी आहे’, ‘याच्यात काही उरले नाही’. अशा वेळी मला सिंहाची ती सपाट छाती आठवते. याला शाळेने, घराने, कारखान्याने दिले काय होते, आणि त्यातले याने घालवले काय, हे दोन निराळे हिशेब आहेत. दोन्ही मांडावे लागतात. पहिला मांडला नाही तर आपण गरिबावर अन्याय करतो; दुसरा मांडला नाही तर आपण त्याची खुशामत करतो. हमालबाबांना नऊ रुपयांची गोष्ट सांगताना तेवीस रुपयांचीही सांगावी लागली, आणि ती सांगितली म्हणूनच त्या नवांवर त्यांचा विश्वास बसला.

आज घरी गेल्यावर आजीच्या डब्यातला एखादा निकेलचा रुपया काढा, दिव्याखाली धरा आणि हळूहळू फिरवा. निकाल लगेच देऊ नका. एवढेच मागून मी आपली रजा घेतो.